मोठ्या गोळ्यावरचं कुंकू

आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत एक बॉल मिल आहे. नाव ऐकून लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी भव्य येतं आणि प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांची निराशा होते. दोन रबरी रूळ, खाली मोटर, आणि रुळांवर आडवा ठेवलेला चिनी मातीचा जार, लोणच्याच्या मोठ्या बरणीएवढा. आत चिनी मातीचेच गोळे. काही बोराएवढे, काही लिंबाएवढे, आणि एक त्या सगळ्यांहून मोठा. वाळवलेली माती किंवा फोडलेला दगड आत टाकायचा, झाकण आवळायचं, बटण दाबायचं. जार फिरतो, गोळे भिंतीला धरून वर चढतात आणि एकमेकांवर कोसळतात. त्यांच्यामध्ये जे सापडेल त्याचं पीठ होतं. ती भुकटी आम्ही चाळतो, दाबून तिची वडी करतो आणि पुण्याला एका संस्थेत पाठवतो. तिथलं यंत्र त्या वडीत काय काय आहे ते सांगतं.

मिल नीट चालली आहे की नाही हे कानानं कळतं. वेग कमी असला तर गोळे नुसते घसरतात. चपला ओढत चालणाऱ्या माणसासारखा आवाज येतो. वेग जास्त झाला तर गोळे भिंतीला चिकटून फिरत राहतात आणि आवाज जवळजवळ बंद होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, किती शांतपणे काम चाललंय. आत काहीही दळलं जात नसतं. कॉलेजातल्या पुष्कळशा समित्यांचं कामकाज मला या यंत्रामुळेच समजलं. या दोहोंच्या मधल्या वेगाला ओढ्यासारखा आवाज येतो, सलग आणि थोडा खरखरीत. तो लागला की मी खुर्ची ओढून पुस्तक उघडतो.

मी या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. कॉलेज धाराशिवला, घर येडशीला, मध्ये एसटी. बायको जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी लांबच्या शहरात नोकरी करते, रविवारी फोन करते आणि जेवलात का विचारते. मी जेवलो म्हणतो. बाकी सहा दिवस मला सगळ्यात जास्त वेळ सोबत होते ती या आवाजाची. घरी तेवढाही आवाज नसतो. फ्रिज मध्येच सुरू होतो आणि मध्येच थांबतो, आणि तो थांबला की तो सुरू होता हे कळतं.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. विभागप्रमुख तिचं फार मनावर घेतात. सूक्ष्मदर्शकाला झेंडूचा हार, संगणकाला हळदीकुंकू, फळ्यावर रांगोळीच्या खडूनं काढलेलं कमळ, आणि शेवटी फोटो. फोटोत विभागप्रमुख सूक्ष्मदर्शकाला हात जोडून उभे असतात, चेहऱ्यावर असा भाव की सूक्ष्मदर्शकानंच लाजावं. फोटोखाली दर वर्षी एकच ओळ येते: विज्ञान आणि संस्कृती यांचा संगम. संगम झाल्यावर नक्की काय झालं, असा प्रश्न मला दर वर्षी पडतो. मी त्या वेळी मागच्या खोलीत असतो. पूजा तिथपर्यंत कधी पोचत नाही, कारण तिथं खिडकी एकच आहे आणि फोटो काळा येतो.

त्यामुळे मी नास्तिक आहे असा विभागात समज आहे. मी तो कधी खोडून काढला नाही.

गेल्या खंडेनवमीच्या दोन दिवस आधी एक बाई आली. पन्नाशीची, काठापदराचं जुनं लुगडं, हातात ओल्या फडक्यात बांधलेला मातीचा गोळा. जळकोटच्या पुढं एक वस्ती आहे, तिथली. घरचा धंदा कुंभारकीचा. नवरा गेल्यावर चाक तिनंच धरलं होतं. बाईनं चाकावर बसावं का म्हणून गावानं दोन वर्षं नाकं मुरडली, आणि मग पणत्या घेतल्या. हे सगळं तिनं मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, मी काही न विचारता.

काम असं होतं. तिच्या वाडीच्या तळ्यातून ती माती काढायची. हायवेकडच्या ओढ्याला कुणीतरी जुन्या बॅटऱ्या फोडायचा धंदा टाकला होता. गावानं तो उठवला, पण ओढा तळ्यालाच मिळतो, म्हणून बॅटऱ्यांतलं शिसं मातीत उतरलं असेल अशी लोकांच्या मनात शंका बसली. ग्रामपंचायतीनं तिला सांगितलं की माती चांगली असल्याचा कागद आण, मग भांडी कर. उन्हाळ्यात काढलेल्या मातीचा ढीग तिच्या दारात तसाच पडून होता. दिवाळीच्या पणत्या त्यातूनच व्हायच्या, आणि मग संक्रांतीची सुगडं.

"आन् कागद न्हाय मिळाला तर?" असं तिनं स्वतःच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. मुलगा पिंपरीला एका कारखान्यात होता, एका खोलीत राहत होता, बायको आणि दोन पोरं. तो म्हणत होता, आई, चाक विकून टाक आणि इकडं ये. "त्येचं बी खोटं न्हाय, दादा. पर तिथं म्या करू काय? दार लावून टीव्हीपुढं बसायचं. इथं निदान चाक हाय. सकाळी उठलं की कायतरी गोल फिरतंया."

हे शेवटचं वाक्य मला जरा जास्तच कळलं. मी तिला सांगितलं नाही.

मी तिला मिल दाखवली. तिनं जारवर बोटं वाजवली आणि भाजणी चांगली आहे म्हणाली. मग गोळे फिरताना पाहिले, झाकण उघडल्यावर दुसऱ्या कुठल्या नमुन्याची भुकटी चिमटीत घेऊन चोळली, आणि एवढं बारीक कशाला करता असं विचारलं. बारीक नसेल तर यंत्र फसतं, मी म्हणालो. तिला ते पटलं. चाकसुद्धा खड्याला फसतं म्हणाली. मग तिनं आपल्या गोळ्याचा एक कण तोडून जिभेवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, जणू तपासणी इथंच संपली.

"तीन पिढ्या चाटून बघतोय आमी," ती म्हणाली. "पर पंचायतीला जिभेचा कागद चालत न्हाय."

माती ओली होती. मी ती ट्रेमध्ये कागदावर पसरून पंख्याखाली ठेवली आणि आठवड्याभरानं पुण्याला पाठवतो असं सांगितलं.

आता पुढचं लिहायला मला थोडं जड जातं. तरी क्रमानं लिहितो.

माझी बायको खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं मांडायची. विळी, पाटा-वरवंटा, मिक्सर, माझी सायकल, माझा स्क्रूड्रायव्हरचा डबा. आधी घासूनपुसून लख्ख करायची, मग सगळ्यांना कुंकवाचं बोट. ते कुंकू नंतर पुसायचं नाही, असा तिचा नियम. पुसायचं नसतं, ती म्हणायची, कामानं जाऊ द्यायचं. मिक्सरच्या भांड्यालाही ती आतून एक टिकली लावायची. मी म्हणायचो, अगं ते चटणीत जाईल. जाईल तर जाईल, ती म्हणायची, चटणीला रंग येईल. या विनोदावर आम्ही पंचवीस वर्षं हसलो. दोघंही दर वर्षी तो तसाच करायचो.

तिचा कुंकवाचा करंडा मी ठेवला आहे. आरशाखालच्या फळीवर. पितळी, झाकणाची बिजागरी सैल. त्यातलं कुंकू तिनं एका जत्रेत, फिरत्या विक्रेत्याकडून घेतलं होतं आणि दर वर्षी तसलंच घ्यायची. रंग उठून दिसतो म्हणून. नेहमीच्या कुंकवापेक्षा जरा केशरीकडे झुकणारा, दिवसभर न उडणारा रंग.

अष्टमीच्या दिवशी मी मिल साफ केली. पद्धत ठरलेली आहे. मूठभर पांढरी वाळू टाकून जार पंधरा मिनिटं चालवायचा, ती वाळू फेकायची, ब्रश मारायचा, धुवायचं, वाळवायचं. एका नमुन्याचा कण दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. मग नोंदवहीत 'स्वच्छ केले' या रकान्यात होय लिहायचं. मी होय लिहिलं आणि ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी, नवमीला, विभागप्रमुख पुढच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला हात जोडत होते तेव्हा मी मागच्या खोलीत फडकं अंथरलं. जार मांडला, झाकण मांडलं, गोळे ओळीनं मांडले. खिशातून करंडा काढला. का आणला होता, याचं सरळ उत्तर मला आजही देता येत नाही. तीन वर्षं त्या घरात कुठल्याच हत्याराला कुंकू लागलं नव्हतं आणि सकाळी निघताना करंड्याकडे लक्ष गेलं, एवढंच. जाराला एक बोट लावलं, झाकणाला एक, आणि सगळ्यात मोठ्या गोळ्याला एक. हात जोडले नाहीत. तेवढी अब्रू राखली. पुढून टाळ्यांचा आवाज आला. फोटो झाला असावा.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर कामावर आलो तर विभागप्रमुख माझीच वाट पाहत होते. बॅटऱ्यांची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. तळं, शिसं, ग्रामीण आरोग्य. यात परिसंवाद होण्याइतका ऐवज आहे हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं होतं. ती माती आजच्या आज दळून पाठवा, त्यांनी फर्मावलं. माती वाळलेली होतीच. मी वही पाहिली. शेवटची नोंद: स्वच्छ केले, होय. त्यानंतर काहीही दळलं नव्हतं. जार आणि झाकण मी बाहेरून पुसून घेतलं. मोठा गोळा हातात घेतला, त्यावरची टिकली पाहिली, आणि तो तसाच आत सोडला. पुसायचं नसतं.

मी अगदीच विचार केला नव्हता असं नाही. कुंकू म्हणजे हळद आणि चुना, हे मी पुस्तकात वाचलं होतं, विद्यार्थ्यांना करूनही दाखवलं होतं. हळदीत चुना कालवला की लाल रंग येतो. आम्हाला शोधायचं होतं शिसं. त्या मापात हळदीचं एक बोट मोजण्यात येणारच नव्हतं. माझं गणित बरोबर होतं. फक्त ते पुस्तकातल्या कुंकवाचं होतं.

निकाल ई-मेलनं आला. शिसं, असायला हवं त्याहून कितीतरी जास्त.

पुढचा आठवडाभर आमचा विभाग आनंदात होता. माझा हेतू टोचून बोलण्याचा नाही, दुसरा शब्दच नाही. स्थानिक पेपरात बातमी आली, तिच्यात विभागप्रमुखांचा फोटो, मागे तोच सूक्ष्मदर्शक, हार सुकलेला. परिसंवादाचं पत्रक छापायला गेलं. पंचायतीला अहवाल गेला आणि पंचायतीनं त्या बाईच्या दारातल्या ढिगाभोवती दोरी बांधली. मुलगा पिंपरीहून निघतोय असं तिनं फोनवर सांगितलं. दिवाळीनंतर चार दिवसांनी येणार आणि घेऊन जाणार. चाकाला गिऱ्हाईकही मिळालं होतं.

मला त्या दिवसांत बरं वाटत नव्हतं, पण कारण हाताला लागत नव्हतं. अहवाल बिनचूक होता. पुण्याचं यंत्र बिनचूक होतं. चपला ओढत चालल्यासारखा एक आवाज मात्र डोक्यात कुठंतरी होता.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती पुन्हा आली. या खेपेला मोकळ्या हातांनी. विभागप्रमुखांनी तिला बसवून घेतलं आणि शिसं शरीराला, मूत्रपिंडापासून मेंदूपर्यंत, काय काय करतं ते समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. मग त्यांना म्हणाली की साहेब, पुन्हा एकदा दळून बघा. त्यांनी तिला विज्ञानात पुन्हा एकदा असं नसतं, असं सांगितलं. हे वाक्य मी लिहून ठेवलं आहे. विज्ञानाविषयी इतकं उलटं आणि इतकं आटोपशीर विधान मी दुसरं ऐकलेलं नाही.

मी तिला मागच्या खोलीत नेलं. नेऊन काय करणार होतो ठाऊक नाही. चहा तरी द्यावा म्हणून नेलं. ती मिलपाशी थांबली. जार रुळांवर होता, झाकण शेजारी. तिनं झाकण उचललं, उलटं केलं, आणि आतल्या रबराच्या कडेला नख लावलं. नखावर केशरी लाल रेघ आली.

"पूजा केलीत व्हय, दादा?"

मी हो म्हणालो.

"आमी बी चाकाला लावतो," ती म्हणाली. "पर मातीत जाऊ देत न्हाय."

का, मी विचारलं.

"डाग पडतो की. हळदीचं असलं तर जळून जातंय, काय बी ऱ्हात न्हाय. पर हे जत्रंतलं शेंदरी कुंकू असतंय ना, ते भट्टीत वितळतंय. भांड्यावर काचंवानी डाग धरतंय. सासरा लई वरडायचा आमच्यावर, बायांनो हात धुऊन या म्हनून."

ती नख पदराला पुसून चहाची वाट पाहत स्टुलावर बसली. आपण काय बोललो हे तिला कळलेलं नव्हतं. मला कळलं होतं. हळद जळून जाते. काचेसारखा डाग धरतं ते शिसं. शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, हेही मी वाचलेलं होतं. पुस्तकात ते दुसऱ्या पानावर होतं आणि माझ्या घरात ते आरशाखाली होतं.

चहा झाल्यावर मी तिला सांगितलं. तिच्या मातीत माझ्या हातून कुंकू गेलं असावं, आणि शिसं तिथलं असावं. मी तिच्या शिव्यांची तयारी ठेवली होती.

"आन् म्या तळ्याला दोष देत बसले," ती म्हणाली. मग उठली आणि कागद केव्हा मिळेल ते विचारलं, कारण जळकोटची गाडी अर्ध्या तासानं होती.

आमच्याकडे प्रत्येक नमुन्याचा निम्मा भाग न दळता बाटलीत राखून ठेवतात. तो होता. मी जार वाळूनं तीनदा चालवला, रबर बदललं, मोठा गोळा बाजूला काढला आणि राखीव माती दळली. तासभर समोर बसलो. ओढ्याचा आवाज लागला होता, पण पुस्तक उघडलं नाही.

एवढ्यानं भागणार नव्हतं. पहिली माती दूषित आणि दुसरी स्वच्छ, एवढंच दाखवलं असतं तर पंचायतीनं सोयीचा निकाल धरला असता, आणि पेपरात आलेला निकालच सोयीचा असतो. शिसं कुठून आलं हे दाखवायला हवं होतं. म्हणजे कुंकू तपासायला हवं होतं. आणि वडी करायला चिमूटभर पुरत नाही.

संध्याकाळी येडशीला येऊन करंडा उघडला. तळाला होतं ते सगळं कागदावर ओतलं. बोटानं कडेचंही काढलं. एका बाजूला बायकोच्या बोटाचा खळगा होता, रोज एकाच जागी बोट बुडवून झालेला. तो मोडला. वजन केलं तर वडीपुरतं होतं, त्याहून जास्त नव्हतं. पुडी बांधली, वर नमुना क्रमांक लिहिला आणि डब्यात ठेवली. भूक नव्हती. रविवारही नव्हता, त्यामुळे कुणाला खोटं सांगायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांना सांगितलं. आधी त्यांना मुद्दाच कळला नाही, आणि कळला तेव्हा भलताच कळला.

"तुम्ही कुंकू लावलंत?" ते म्हणाले. "तुम्ही?"

मी लावलं म्हणालो.

"अहो, तुम्ही तर आमच्या फोटोलासुद्धा येत नाही."

त्यांच्या आवाजात राग कमी आणि दुखावलेपणा जास्त होता, आणि त्या एका क्षणी मला ते आवडले. मग ते सावरले. पत्रकं छापून झाली होती. निकाल येईपर्यंत थांबू म्हणाले, आणि वेळ आलीच तर तांत्रिक कारण असं लिहू. तांत्रिक कारण हा आमच्याकडचा फार मोठा जार आहे, त्यात काहीही टाकलं तरी भुकटी एकाच रंगाची निघते. मी नोंदवही उघडली आणि त्यांच्यासमोरच शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: खंडेनवमीस सहायकाने स्वतः आणलेले कुंकू मोठ्या गोळ्यास लावले. न पुसता नमुना दळला. खाली सही केली. त्यांनी वाचलं, आणि 'स्वतः आणलेले' हे शब्द हवेतच का असं विचारलं. हवेत, मी म्हणालो. नाहीतर तुमचं कुंकूही तपासावं लागेल. त्यांच्या संगणकाला लावलेलं कुठल्या दुकानातलं होतं, ते त्यांनाही ठाऊक नसणार.

निकाल दिवाळीच्या सुट्टीत आला. राखीव मातीत शिसं नव्हतं. म्हणजे जेवढं कुठल्याही काळ्या मातीत असतं तेवढंच. कुंकवात होतं. इतकं होतं की पुण्याहून एका मुलीनं फोन करून हा नमुना नेमका कशाचा आहे असं विचारलं. घरगुती वापराचा, मी सांगितलं. वापर थांबवा म्हणाली. थांबला आहे, मी म्हणालो.

विभागप्रमुखांनी सुधारित अहवालावर सही केली. परिसंवाद झाला नाही. पत्रकं पाठकोरी असल्यामुळे मी ती नमुने पसरायला वापरतो.

अहवाल पोस्टानं गेला असता. मी घेऊन गेलो. भाऊबीज उलटून दोन दिवस झाले होते, जळकोटला उतरून पुढं रिक्षा केली. घर विचारावं लागलं नाही; दोरी बांधलेला ढीग लांबून दिसला. पडवीत एक तरुण माणूस ट्रंक बांधत होता. तो मुलगा. त्यानं कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि आईला हाक मारली. ती आली, कागद वाचता येत नसल्यासारखा उलटसुलट केला, आणि मला सरळ विचारलं.

"माती चांगली?"

"चांगली," मी म्हणालो.

तिनं विळा आणून दोरी कापली. पंचायतीला दाखवायच्या आधीच. मुलगा काहीतरी म्हणायला लागला, त्याला तिनं सांगितलं की तू पोरांना घेऊन संक्रांतीला ये, सुगडं न्यायला. तो ट्रंकेवर बसून राहिला. त्याची बाजूही मला दिसत होती. त्याला पुन्हा एकट्यानं परत जायचं होतं, आणि दर रविवारी फोन करायचा होता.

ती ढिगापाशी उकिडवी बसून माती फोडायला लागली. हात चालू ठेवूनच तिनं विचारलं की ते कुंकू कुणाचं. मी सांगितलं. कुणाला हे पहिल्यांदाच सांगत होतो.

"रोज लावायच्या त्या? त्येच?"

"रोज."

तिचे हात क्षणभर थांबले. मग एक ढेकूळ फोडलं, त्यातला खडा काढून लांब फेकला, आणि सुनेच्या हातून येईल तो चहा पिऊन जा म्हणाली. सून आलेलीच नव्हती. तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती स्वतःच हसली.

माझी बायको मूत्रपिंडाच्या आजारानं गेली. डॉक्टरांनी साखरेचं कारण सांगितलं होतं, आणि साखर तिला होतीच. ते कुंकू आणि हा आजार या दोन गोष्टींच्या मध्ये मी रेघ ओढलेली नाही. ओढण्याइतके नमुने माझ्याकडे नाहीत. राखीव भागही नाही. पण परतीच्या गाडीत तिची चटणी आठवली, आणि जाईल तर जाईल हे शब्द. त्यावर आपण पंचवीस वर्षं हसत होतो, हेही आठवलं.

मोठा गोळा मी मिलमध्ये परत टाकला नाही. त्याच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात, त्यांतून काय निघतं आणि काय राहतं याची खात्री देता येत नाही. तो कपाटात आहे. त्याच्यावाचून दळण जरा सावकाश होतं, तासाऐवजी सव्वा तास लागतो, आणि ओढ्याच्या आवाजात मधूनमधून येणारा एक जड ठोका आता येत नाही. नवीन ऐकणाऱ्याला ते कळणार नाही.

करंडा रिकामा आहे. आरशाखाली त्याच जागी. आतून अजून केशरी आहे, आणि तो नीट धुऊन काढायला हवा हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. धुतलेला नाही. झाकण तेवढं घट्ट बसावं म्हणून बिजागरी दुरुस्त करून घेतली.